चौकातली खुर्ची

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा पोचलं. फोन करत जा असं तू पुन्हा लिहिलंयस. पण बाई, फोनवर तुझं अर्धं मला ऐकूच येत नाही आणि माझं बोलणं शेजारच्या तीन घरांना ऐकू जातं. चाळीस वर्षं विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजून सांगितली, त्याचा सूड आता कान घेतायत. त्यापेक्षा पत्र बरं. अक्षर अजून शाबूत आहे.

छोटीला दात आला आणि ती चावते, ही तक्रार तू तरी करू नकोस. तिच्या वयाची असताना तू आमच्या कंपनीच्या खलनायकाचं बोट चावलं होतंस. बिचाऱ्यानं चार प्रयोग हातमोजा घालून केले.

इकडची नवी बातमी म्हणजे बंद नाट्यगृहामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्यात. नदीवर नवा पूल होतोय, त्याच्या ठेकेदाराची माणसं. कुठल्या मुलखातून आलीत देव जाणे, भाषेचा एक शब्द कळत नाही. बागेतला नळ तर त्यांच्याच मालकीचा झालाय. सकाळी बघावं तर डबे, बादल्या, अंघोळी, धुणी. फिरायला जाणाऱ्या बायकांनी रस्ता बदलला. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांनी पुढाकार घेतला. तेच, ज्यांच्याकडून माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात. या लोकांना इथून हलवा असा नगरपालिकेला अर्ज केलाय. मजकूर त्यांचा, अक्षर माझं. सही माझी चौथी. टंकलेखकाला लाजवील असं अक्षर आहे म्हणून सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. खोटं कशाला सांगू, कंपनी बंद पडल्यापासून पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटलं.

धाकट्याच्या फोटोची काच तडकली होती, ती बदलून घेतली. गेल्या महिन्यात त्याला जाऊन वर्ष झालं. तू आली नाहीस ते बरं केलंस, एवढ्याशा पोरीला घेऊन प्रवास नको. मी होतो त्याच्याजवळ बसून.

जावईबापूंना नमस्कार, छोटीला पापा. माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत जा.
तुझे,
आप्पा


ता. ११ फेब्रुवारी

ती. आप्पांस,
सा. न.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला नको होतं.

एक गोष्ट मी वर्षभर तुमच्यापासून लपवली. आयुष्यभर लपवणार होते. पण आता नाही राहवत. धाकटा परदेशात काम करताना पडला, एवढंच आम्ही तुम्हाला सांगितलं. तो कामावर पडला नाही, आप्पा. तो पाणी आणायला निघाला होता.

तिथंही त्यांच्या पत्र्याच्या शेडी होत्या, एका वस्तीला लागून. वस्तीतल्या लोकांनी अर्ज केला. महिन्याभरात शेडी पाडल्या. मग मुकादमानं सगळ्यांना, जी इमारत ते बांधत होते तिच्याच तिसऱ्या मजल्यावर झोपायला सांगितलं. भिंती नव्हत्या. जिना नव्हता, फळ्या टाकलेल्या होत्या. सकाळी धुकं होतं आणि त्याच्या दोन्ही हातांत डबे होते. त्याच्या मित्रानं मला हे सगळं लिहून कळवलं.

अर्जाबद्दल धाकट्यानं स्वतःच मला लिहिलं होतं. त्याची ती ओळ उतरवून देते: "ताई, इथल्या लोकांनी आमच्यावर अर्ज केलाय. आम्ही नळावर गर्दी करतो म्हणे, आणि आमच्यामुळे त्यांच्या मुलींना खिडक्या उघडता येत नाहीत. मुकादमानं कागद दाखवला. वाचता काही आला नाही, पण अक्षर इतकं सुरेख होतं की मला आप्पांची आठवण आली."

यापुढे आज काही लिहवत नाही.
ठकू


ता. २० फेब्रुवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पत्र लिहायला बसायचो आणि स्वतःचं अक्षर बघून पेन खाली ठेवायचो.

औषधवाल्यांकडे गेलो होतो, अर्ज परत द्या म्हणून. ते म्हणाले, आप्पा, तो दाखल झाला, आता दोन एप्रिलला सुनावणी आहे, तुम्ही काळजी करू नका, काम होणार. त्यांना वाटलं मला घाई झालीय. मी गोळ्या घेतल्या आणि आलो.

मग शेडीकडे गेलो. महिनाभर त्यांच्याविषयी बोलत होतो, पण जवळून पाहिलं नव्हतं. एका शेडमध्ये सोळाजण. दाराशी चपला ओळीनं लावलेल्या, आपल्या घरात कधी लागल्या नाहीत इतक्या नीट. पत्र्याला खिळे ठोकून प्रत्येकानं आपला सदरा अडकवलाय आणि सदऱ्याखाली आपला आरसा, कुणाचा फुटका, कुणाचा डबीच्या झाकणाएवढा. सगळ्यांचा स्वयंपाक करणारी एक बाई आहे. भाजी घेता घेता आपली भाषा थोडी शिकलीय. तिनं मला डबा पालथा घालून बसायला दिला आणि काही हवंय का म्हणून विचारलं. मी काय सांगणार, की मी तुमच्यावर अर्ज लिहिलाय? म्हटलं, पाणी द्या. नळाचं पाणी दिलं तिनं. तेच ते पाणी.

धाकट्याची तुला आलेली सगळी पत्रं मला पाठव. का ते विचारू नकोस, मलाही अजून नीट माहीत नाही. आजवर त्याचं एकही पत्र मला आलेलं नाही, हे मी त्याच्या मानीपणावर ढकलत होतो. जाताना मीच त्याला म्हणालो होतो ना, नाटकाचं खूळ पुरे, काहीतरी होऊन दाखव, त्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस.

छोटीला जप.
आप्पा


ता. २७ फेब्रुवारी

ती. आप्पांस,
शि. सा. न.

अकरा पत्रं सोबत पाठवते आहे. मऊ झालीत, जपून उलगडा. सातव्यावर छोटीनं दूध सांडलंय.

मागच्या वेळी मी फार तोडून लिहिलं. तुम्हाला दुखवायचं नव्हतं असं म्हणणार नाही, कारण दुखवायचंच होतं. पण पत्र पेटीत टाकल्या टाकल्या वाटलं की हात आत घालून ओढून घ्यावं. हे म्हणाले, पेटीशी कुस्ती खेळू नकोस, लोक बघतायत.

पत्रं वाचताना गोळ्या चुकवू नका. आणि काय करणार आहात ते कळवा, माझा जीव इथं टांगणीला लागलाय. तुम्ही गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते. लहानपणी तुम्ही रागावलात की आम्हाला हायसं वाटायचं, गप्प झालात की धाकटा कपाटात लपायचा.

छोटी आता धरून उभी राहते आणि मग बसता येत नाही म्हणून रडते. तिच्याकडूनही नमस्कार.

आमच्यावरचा हात काढून घेऊ नका.
ठकू


ता. ९ मार्च

चि. ठकूस,
अ. आ.

आता सांगतो काय केलं ते. हसू नकोस, आणि रागावणार असलीस तर पुरतं वाचून रागाव.

नगरपालिकेच्या कारकुनाला सांगितलं की चौकात शनिवारी सकाळी बाजाराच्या वेळी छोटंसं नाटक करायचंय, पात्रं दोन. तो म्हणाला, आप्पा, या वयात? आणि शिक्का मारला. कंपनीचा निळा पडदा माझ्याकडे होता, त्याला कसर लागलीय तरी अजून तालेवार दिसतो. तो एका चौकटीवर ताणला. पडद्यापुढे एक खुर्ची, पडद्यामागे स्टुलावर मी आणि मांडीवर पत्रं. पाटीवर लिहिलं: बसा. मागून सांगतो ते मोठ्यानं म्हणा.

बस, एवढंच नाटक. मला एवढंच येतं.

पहिला तासभर कुणी फिरकेना. मग एक सुतार पैज लावून बसला. मी मागून सांगितलं, "मला इथं येऊन सात महिने झाले." तो ओरडून म्हणाला, लोक हसले. मी सांगितलं, "माझं नाव अजून कुणी विचारलेलं नाही." तेही तो हसत हसत म्हणाला. "मला सगळे ए म्हणतात, तेही काम असेल तेव्हा." हे म्हणताना त्याचा आवाज उतरला. तुला ठाऊक आहे, वाक्य कानानं ऐकलं तर दुसऱ्याचं राहतं, तोंडातून बाहेर पडताना ते आपलं होतं. नट मला हेच सांगायचे आणि मला ती त्यांची नाटकं वाटायची.

दुपारपर्यंत अकराजण बसले. शेवटी बेकरीवाल्या काकू. अर्जासाठी जमलेल्या सभेत सगळ्यात मोठ्यानं त्याच बोलल्या होत्या, या माणसांना वास येतो म्हणून. त्यांना मी पाचव्या पत्रातलं दिलं. "बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. मी दोनदा साबण लावून अंघोळ करतो, तरी." काकू अडल्या. म्हणाल्या, ऐकू नाही आलं. मी पुन्हा सांगितलं. म्हणाल्या, अजून एकदा सांगा. ठकू, त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. इतकी वर्षं हे काम केल्यावर तेवढं मला पडद्याआडूनही कळतं. मग त्या वाक्य न म्हणताच उठल्या. सोमवारी त्यांनी अर्जावरची सही मागे घेतली.

बाकीचे रडले, डोळे पुसले आणि भाजी घेऊन घरी गेले. मला त्यातून काय हवंय ते मला अजून सांगता येत नाही.

गोळ्या घेतोय. तुझ्या रागाचं पत्र आलं तरी चालेल, पण येऊ दे.
आप्पा


ता. १६ मार्च

ती. आप्पांस,
शि. सा. न.

पुरतं वाचलं आणि रागावले.

धाकटा मला लिहायचा. चौकाला नाही, सुताराला नाही. त्या साबणाची गोष्ट त्यानं लिहिली तेव्हा खाली लिहिलं होतं, ही कुणाला सांगू नकोस, ताई. ती तुम्ही बाजारात बोलायला लावलीत. मी दोन दिवस नीट जेवले नाही. हे म्हणाले, तुझ्या वडिलांनी दुसरं काय करायला हवं होतं ते सांग, मी त्यांना कळवतो. मला सांगता आलं नाही, म्हणून आणखी राग आला.

आणि दुसरंही लिहिते. तो सहावीत असताना आरशासमोर उभा राहून तुमच्या वह्यांतली वाक्यं म्हणायचा आणि मला पडद्यामागे बसवायचा. तुम्ही आलात की आम्ही अभ्यासाला बसायचो. त्याला लोकांसमोर बोलायचं होतं, आप्पा. तुम्ही म्हणालात, नटाच्या पोटाला कायम चिमटा. आता त्याचीच वाक्यं अख्खं गाव म्हणतंय, आणि तो कुठे आहे?

मी तुम्हाला थांबवत नाही. फक्त साबणाचं पुन्हा कुणाला देऊ नका. आणि नवव्या पत्रातली ती म्हातारी बाई, हसून वाट देणारी, ती कुणाच्या वाट्याला आली ते मला कळवा. तेवढी एक चांगली आठवण होती त्याची.

उन्हात टोपी घाला. रागावलेलीसुद्धा तुमचीच,
ठकू


ता. २४ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

साबणाचं पत्र बाजूला काढून ठेवलं. माझं चुकलं, विचारायला हवं होतं. म्हातारी बाई शाळेतल्या शिपायाच्या वाट्याला आली. "आज एका आजींनी हसून वाट दिली, तेवढ्यावर आठवडा काढला," असं म्हणून तो खुर्चीतच बसून राहिला. रांगेतल्या पुढच्या माणसानं खांदा हलवला तेव्हा उठला.

तू म्हणालीस धाकट्याची वाक्यं त्याची आहेत, तेव्हापासून मी विचार करत होतो. मग शेडीत जाऊन स्वयंपाकिणीला सगळं सांगितलं. अर्ज माझ्या हातचा आहे, हेसुद्धा. ती बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, अक्षर चांगलं आहे म्हणून तुम्हाला बोलावलं असेल, आमच्याकडेही असंच करतात. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

या शनिवारी ती पडद्यामागे माझ्या शेजारी बसली. ती मला तिच्या मोडक्यातोडक्या बोलीत सांगायची, मी वाक्य नीट बसवून पुढे सोडायचो आणि खुर्चीतला माणूस ते म्हणायचा. शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या, त्यांचा आवाज तुला ठाऊक आहे, घंटेसारखा. त्या म्हणाल्या, "मी माझी मुलगी माझ्या आईकडे ठेवून आले. आता ती आईलाच आई म्हणते." स्वयंपाकीण आधी हसली. आपलं बोलणं एवढ्या मोठ्या बाईच्या तोंडून ऐकून तिला गंमत वाटली. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

एक सळया बांधणाराही आला होता. त्यानं एकच वाक्य दिलं, की या पुलावरून पहिली गाडी जाईल तेव्हा आम्ही इथं नसू. ते टपालवाल्यानं म्हटलं.

चौदाजणांनी सह्या मागे घेतल्यात. औषधवाले मात्र आपल्या दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभे असतात, जवळ येत नाहीत. मला म्हणाले, आप्पा, नाटक छान आहे, पण गाव नाटकावर चालत नाही. वर्तमानपत्रवाला फोटो काढून गेला. सुनावणीला मी बोलणार आहे. पडद्यामागून नाही, उभा राहून.

बऱ्याच दिवसांनी भूक लागतेय. छोटीला सांग, आजोबा कामावर जातात.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
आप्पा


ता. ३१ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

शेडी गेल्या.

सुनावणी परवा व्हायची होती. ठेकेदार थांबला नाही. वर्तमानपत्रात फोटो आला, नगरपालिकेत बोलणं सुरू झालं, आणि सोळाजण एका पत्र्याखाली कसे राहतात हे कुणी मोजायला येण्याआधी त्यानं सगळ्यांना हलवलं. अर्ज माझ्या अक्षरात आणि गाजावाजाही माझाच. दोन्ही बाजूंनी मीच.

काल सकाळी बेकरीवाल्या काकू पळत सांगायला आल्या. मी पोचलो तेव्हा दोन ट्रक भरले होते. पत्रे खाली, त्यावर भांडी, त्यावर माणसं. आरसे त्यांनी कपड्यांत गुंडाळून हातात घेतले होते. मी मुकादमाला विचारलं, कुठे नेताय. तो म्हणाला, कामावर. स्वयंपाकीण मागच्या ट्रकमध्ये होती. तिनं मला पाहिलं आणि वाकून काहीतरी ओरडून सांगितलं. ट्रकचं इंजिन सुरू होतं. मला ऐकू आलं नाही, ठकू. मी हात कानाशी नेला, तिनं पुन्हा सांगितलं, तरी नाही. मग ट्रक वळला.

काकूंना विचारलं, त्या रडत होत्या, त्यांनी ऐकलं नव्हतं. आणखी चौघांना विचारलं. कुणी म्हणालं गावाचं नाव होतं, कुणी म्हणालं नमस्कार करत होती.

नळावर आज कुणी नव्हतं. तोटी गळत होती, ती बंद करून आलो.
आप्पा


ता. ८ एप्रिल

ती. आप्पांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र आल्यापासून तुमच्याकडे यायला निघायचं ठरवतेय आणि निघत नाही. आधी हे लिहायला हवं, मग तोंड दाखवता येईल.

पत्रं अकरा नव्हती, बारा होती. बारावं माझ्याकडे आहे. आता ते सोबत पाठवते.

ते आलं तेव्हा छोटीच्या वेळचा मला तिसरा महिना होता आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. आधीचं एक गेलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. पत्रात त्यानं मला एकच काम सांगितलं होतं, तुम्हाला एक गोष्ट विचारायची. मी ठरवलं, आप्पांचा मूड बघून विचारू. पहिल्या आठवड्यात तुम्ही रक्तदाबानं आजारी होतात. दुसऱ्या आठवड्यात तुमचं पत्र आलं, त्यात शेजारच्यांचा मुलगा परदेशात कसा टिकून राहिला याचं कौतुक होतं, मग माझा धीर झाला नाही. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. सोळाव्या दिवशी त्याच्या मित्राचा निरोप आला.

मी तुम्हाला अर्जाबद्दल एवढं फाडफाड लिहिलं, कारण तुमच्यावर रागावलं की सोळा दिवस मला आठवत नाहीत. हे यांनासुद्धा माहीत नाही. छोटी हसली की मला वाटतं, हिच्यासाठी मी पडून राहिले आणि तिकडे तो उत्तराची वाट बघत फळ्यांवरून चढउतार करत होता.

तुम्ही रागावा. गप्प मात्र बसू नका, आप्पा.

तुमची,
ठकू


ता. १९ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद, आणि पुन्हा अनेक.

रागावलो नाही. गप्पही बसलो नाही, फक्त हे नीट लिहायचं होतं म्हणून चार दिवस घेतले.

पत्र वाचलं. एकच कागद, अर्धा रिकामा. "ताई, मी काही झालो नाही. पण मला घरी यायचंय. आप्पा म्हणाले होते, काही होऊन दाखवल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. तू त्यांना विचार, तसाच आलो तर चालेल का? नाही म्हणाले तर मला कळवू नकोस, मी समजेन."

आता माझं ऐक. तू सोळा दिवस घालवलेस, याचा हिशेब तू रोज मांडत असशील. मला फसवाफसवी जमत नाही, म्हणून जे खरं आहे तेच सांगतो. तू पहिल्याच दिवशी विचारलं असतंस तरी मी नाही म्हणालो असतो. मी म्हणालो असतो, हातात घेतलेलं काम पुरं कर, बापाचं नाव घालवू नकोस, सहा महिन्यांत सवय होईल. मी स्वतःला चांगला ओळखतो. शब्दसुद्धा हेच असते. तुझ्या गप्प राहण्यानं तो एवढाच वाचला, की माझा नकार ऐकून तो गेला नाही. वाट बघत गेला. ते बरं की हे, मला ठरवता येत नाही. पण जे ओझं तू उचललंयस ते माझं आहे, आणि ते तू खाली ठेव. मुलगी आहे तुझ्या कडेवर, दोन्ही कसं पेलशील.

ठेकेदाराच्या कचेरीत तीनदा गेलो. माणसं कुठे आहेत ते सांगत नाहीत. काकूंनी आणि मुख्याध्यापिकांनी मिळून नवीन अर्ज केलाय, कामगारांचा पत्ता मिळावा म्हणून. अक्षर माझंच आहे.

शनिवारी खुर्ची लावली. का लावली ठाऊक नाही, सवयीनं असेल. बाजार होता पण कुणी बसायला येईना. लोक नजर चुकवून जात होते. ती पत्र्याखालची माणसं जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि त्याविषयी बोलणं कुणालाच नको होतं. मी आवरायला लागलो तर औषधवाले दुकानाच्या पायऱ्या उतरून आले आणि बसले. पाठ माझ्याकडे होती. म्हणाले, मला फक्त नळ मोकळा हवा होता हो, आप्पा. त्यांनी जावं असं काही नव्हतं. मी म्हटलं, मलाही कौतुकच हवं होतं. मग मी पुन्हा पडद्यामागे स्टुलावर बसलो.

माझ्या खिशात बारावं पत्र होतं. तुला विचारलं नाही, यावेळीही. माफ कर. मी सांगत गेलो, ते म्हणत गेले. आवाज बारीक होता, पण चुकले कुठे नाहीत. "तू त्यांना विचार, तसाच आलो तर चालेल का," इथपर्यंत आले. त्यापुढची ओळ मी दिली नाही. माझ्या तोंडून निघाली नाही. औषधवाले थांबले, वाट बघितली, मग खुर्चीत वळून पडद्याकडे बघत तेच पुन्हा म्हणाले, माझ्या मुलाच्या शब्दांत, तसाच आलो तर चालेल का.

मी म्हटलं, ये. मोठ्यानं म्हटलं. भाजीवालीनं मान वर केली.

औषधवाले उठले आणि मला हाताला धरून घरापर्यंत सोडायला आले.

तू आता निघ. जावईबापूंना सुट्टी नसेल तर तू आणि छोटी या, मी स्टँडवर येतो. पुढच्या दाराची कडी काढून ठेवलीय. आणि येताना काही होऊन यायची गरज नाही, तशीच ये.

तुम्हा तिघांवर जीव असलेला,
आप्पा